मृगशीर्षावर झाडतं कोण?

शामला गजभियेच्या बोटांनी चार ओळी टाइप केल्या, आणि मग कुठे तिच्या ध्यानात आलं की हे सगळं आपल्याबद्दलच लिहिलेलं आहे. टायपिस्टचं हे असंच असतं. कागदावरचं अक्षर डोळ्यांतून शिरतं ते परस्पर बोटांत उतरतं, वाटेत डोक्याला विचारायला थांबत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत तिने लोकांच्या बदल्या, बढत्या, बडतर्फ्या अशाच डोक्याला न विचारता टाइप केल्या होत्या. एकदा तर कचेरीतल्याच मैत्रिणीच्या बदलीचा हुकूम टाइप करून वर तिच्याशी रविवारच्या सिनेमाचं ठरवलं होतं. पण आज बोटं थांबली, आणि थांबली तीही वाक्याच्या मधोमध. स्टेन्सिलवर उमटलं होतं: ‘लेखिकाबाईंना यानात झाडू कोण मारतो याची मोठी काळजी पडली आहे. यात नवल नाही. सरकारकृपेने टाइपरायटरपुढे खुर्ची मिळाली, तरी माणसाची नजर अखेर आपल्या घराण्याच्या’ आणि पुढे काही नाही. पुढचे दोन शब्द हस्तलिखितात होते, ‘हत्याराकडेच जाते’, आणि ते तिने या वेळी डोक्याला विचारून, सावकाश वाचले. मग उठून माळ्याची खिडकी उघडली. खाली गांधीबागेत हातगाड्यांची रेटारेटी चालली होती, कुणीतरी कुणाला तरी बैलगाडी बाजूला घ्यायला सांगत होतं, आणि ऑगस्टचं चिकट ऊन समोरच्या पत्र्यावर पडलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते.

महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे कचेरीला सुटी, आणि सुटी म्हणजे ‘यानपत्र’. गोपाळराव खानझोड्यांच्या ठोक कापडाच्या दुकानावर हा माळा होता. एका भिंतीला थानांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला एक जुना मराठी टाइपरायटर आणि हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र, आणि सगळीकडे कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. तो वास नाकात गेला की शामलाला अजूनही आपण पृथ्वी सोडून निघालो आहोत असं वाटे. तेरा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मासिकात ‘मृगशीर्षाची वाट’ नावाची वैज्ञानिक कथामाला सुरू झाली होती, आणि ती अजून संपायचं नाव घेत नव्हती. मृगशीर्ष हे यान. त्यात दोनशे चाळीस माणसं, पोचायला नव्वद वर्षं, म्हणजे लेखकाची पुढच्या तीन पिढ्यांची सोय झालेली. नागपूरच्या वाचकांनी तिच्यापायी एक मंडळच काढलं. दर अंक आला की त्यावर पत्रं लिहायची, ती शामलाने स्टेन्सिलवर कापायची, एकशेचाळीस प्रती काढायच्या आणि अकोल्यापासून बालाघाटापर्यंत टपालाने धाडायच्या. लोक लग्नकार्यात भेटले तरी यानाच्या इंधनाबद्दल बोलत. गेल्या महिन्यात स्कायलॅब पडणार म्हणून अर्धं नागपूर आभाळाकडे बघत घाबरत होतं, तेव्हा मंडळाचे सभासद मात्र ती कुठल्या कोनातून पडेल यावर पैजा लावत होते.

‘यानपत्रा’च्या डोक्यावर पहिल्या अंकापासून एक नियम छापला जाई: आलेलं पत्र एकही अक्षर न गाळता छापलं जाईल, टोपणनाव चालेल, गाळायचा हक्क फक्त लिहिणाऱ्याचा. हा नियम गोपाळरावांचा. सहासष्ट साली त्यांनी मासिकाला सोळा पानी पत्र पाठवलं होतं, यानाच्या हवेच्या हिशेबावर, सगळी आकडेमोड करून. मासिकाने त्यातल्या चार ओळी छापल्या, त्याही कौतुकाच्या. त्या दिवशी माणूस जेवला नाही म्हणतात. बाप वारला म्हणून सायन्स कॉलेजचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून गल्ल्यावर बसलेला माणूस. त्याची ती सोळा पानं म्हणजे न झालेली परीक्षाच होती, आणि ती कुणीतरी फाडून टाकली होती. आपल्या पत्रात हे असं कुणाचं होणार नाही, असं ठरवून त्यांनी यंत्र घेतलं, आणि अठरा वर्षांची शामला टायपिंगची परीक्षा पास झाल्याची जाहिरात करत दारोदार हिंडत होती तेव्हा तिला बोलावून खुर्ची दिली. पगार नव्हता. पण इंदोऱ्याच्या दलित वस्तीतल्या गजभिये जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, मुलीला गांधीबागेत कुणी ‘बसा’ म्हणालं, चहा दिला, आणि घरच्यांच्याच कपातून दिला, ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती. तिने ती बारा वर्षं जपून ठेवली होती.

आणि बारा वर्षं तिने दुसऱ्यांचीच मतं टाइप केली. इंधनावरची, गुरुत्वाकर्षणावरची, कप्तानाच्या बायकोवरची. स्वतःचं काही लिहावं असं तिला वाटलं नव्हतं असं नाही, पण सगळ्यांची हस्तलिखितं जिच्या हातून जातात तिला सगळे आपल्यापेक्षा हुशार आहेत की नाहीत ते फार लवकर कळतं, आणि एकदा कळलं की घाई राहत नाही. जूनमध्ये तिने लिहिलं. तीन पानं. ‘मृगशीर्षावर झाडतं कोण?’ असं नाव दिलं. तेरा वर्षं झाली, तिने लिहिलं, यानात हवा तयार होते, पाणी तयार होतं, भाजी उगवते, दोन माणसं प्रेमात पडून तीन वेळा भांडतात, पण एकदाही कुणी केर काढलेला नाही. दोनशे चाळीस माणसांच्या अंगाची धूळ कुठे जाते? दशवार्षिक अंकासाठी मीच यानातल्या लोकांची आडनाववार सूची केली होती. बासष्ट नावं निघाली. त्या बासष्टांत माझ्या गल्लीतलं एकही नाही, आणि हातांनी काम करणाराही एक नाही. लेखकसाहेबांनी नव्वद वर्षांचा प्रवास मांडला, पण घाण कोण काढणार हा प्रश्न पृथ्वीवरच ठेवून निघाले. आणि तो ज्यांच्याकडे ठेवला त्यांना बरोबर घेतलं नाही. हे लिहिताना तिने एक शब्द खोडला नव्हता. टाइप करतानाही नाही. आजही, खिडकीशी उभं राहून, तिला त्यातलं एक वाक्य मागे घ्यावंसं वाटत नव्हतं. लेख चांगला होता. वाईट लेख कसा असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यावर अकरा पत्रं आली होती. दहा तिने काल-परवा घरीच वाचून ठेवली होती. वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबनीस असलेले भैयाजी नावाचे जुने सभासद होते, त्यांनी साफ लिहिलं होतं की बाईंचा मुद्दा चुकीचा आहे, यानात धूळ ओढून घेणाऱ्या नळ्या असणार, लेखकाने त्या दाखवल्या नाहीत एवढंच; आणि खाली नळ्यांची आकृती काढली होती. शामलाला ते पत्र फार आवडलं. त्या नळ्या तुंबल्या की त्यांत हात कोण घालणार, हे तिचं उत्तरही मनात तयार होतं, आणि भैयाजी त्यावर पुढच्या महिन्यात आणखी आकृती पाठवतील याचीही तिला खात्री होती. भांडण असावं तर असं. अकरावं पत्र आज सकाळी निघताना पोस्टमनने हातात दिलं, पाकिटावर इतवारीचा शिक्का, आणि तिने ते न वाचताच मशीनला लावलं. सहीच्या जागी ‘एक निष्ठावान वाचक’. अक्षर उलट्या बाजूला कललेलं, मुद्दाम बिघडवलेलं. पण कागद तिने पाकिटातून काढून उलगडला तेव्हाच बोटांना काहीतरी कळलं होतं, आणि आता पुन्हा हातात घेतल्यावर ते डोक्यापर्यंत आलं. सगळे लोक कागद आडवा घडी घालतात. हा आधी उभा दुमडलेला होता, कड आत घालून, मग तीन वेळा. असं फक्त कापड घडी घालतात. बारा वर्षं एकच माणूस तिच्याकडे असा घडी घातलेला कागद देत आला होता, आणि तो आत्ता बरोबर तिच्या पायांखाली, फळ्यांच्या पलीकडे, कुणा गिऱ्हाइकाला पॉपलीन मोजून देत होता.

तिला आधी काय वाटलं असेल तर हे, की आमच्या घराण्यात झाडू नव्हताच. बाप गिरणीत होता, आजा कोतवालकीवर गावाची कामं करी. हे मनात आलं आणि लगेच तिचे कान गरम झाले. म्हणजे असता तर? असता तर ते वाक्य खरं ठरलं असतं काय? छप्पन साली बाबांनी तिला खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं होतं. सात वर्षांच्या तिला फक्त पांढरे कपडे आठवत होते, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरे कपडे, आणि बाबांच्या केसांना धरून ठेवलेल्या आपल्या मुठी. परत येताना बाबा म्हणाले होते, आता कोणापुढे आपण काय नाही ते सांगत बसायचं नाही, काय हाये ते सांगायचं. आणि तेवीस वर्षांनी, पदवी, नोकरी, स्वतःच्या नावावर रेशनकार्ड असलेली त्यांची मुलगी एका घाणेरड्या ओळीपुढे मनातल्या मनात खुलासा देत बसली होती. तिला स्वतःचा राग आला. पत्राच्या रागापेक्षा हा राग बरा होता, त्याने डोकं जागेवर येत होतं.

पण डोकं जागेवर आलं की ते नको तिथेही जातं. इंदुताई तिला आठवल्या. एकोणसत्तर साली मंडळात एकच बाई लिहायची, इंदुताई. कुठल्याशा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी दोन पानांत सिद्ध करून दाखवलं की यान ज्या वेगाने गरगर फिरतं असं लिहिलंय त्या वेगाने आतल्या माणसांच्या पायांत जेवढं वजन असेल तेवढं डोक्यात नसेल, सगळे घेरी येऊन पडतील. खरं होतं ते. लेखकाने पुढे गुपचूप वेग बदललाही. पण पुढच्या अंकासाठी एक पत्र आलं होतं, टोपणनावाने, की बाईंनी गुरुत्वाकर्षणापेक्षा आपली पोळी फुगते की नाही ते पाहावे. वीस वर्षांच्या शामलाने ते हसत हसत टाइप केलं. नुसतं टाइप केलं नाही. मूळ वाक्य लांबट होतं, टोचत नव्हतं. तिने शब्द पुढेमागे करून नीट बसवलं, म्हणजे वाचणारा शेवटच्या शब्दावर हसेल. अक्षर गाळलं नव्हतं ना? मग नियम पाळलाच होता. रविवारी मंडळाच्या बैठकीत सगळे हसले, आणि त्या हसण्यात आपलाही हात आहे याचा तिला अभिमान वाटला. आपण आता मंडळातल्या झालो असं वाटलं. इंदुताईंचं पत्र पुन्हा आलं नाही. चार वर्षांनी रामदासपेठेत एका डॉक्टरच्या दवाखान्यात, आईला घेऊन बसलेली असताना, समोरच्या बाकावर त्या दिसल्या. शामलाने ओळख दिली. इंदुताई चांगलं हसल्या आणि म्हणाल्या, तू टायपिंग फार स्वच्छ करतेस, माझ्यावरच्या पत्रात एक चूक नव्हती. मग त्यांचा नंबर लागला आणि त्या आत गेल्या.

तेव्हापासून ती गोष्ट शामलाने कुणाला सांगितली नव्हती. आज ती खिडकीशी उभं राहून पुरती कळली. बाईच्या आकड्यांत चूक काढता येत नव्हती म्हणून बाईत काढली होती. आणि आपण त्यावर पॉलिश केलं होतं. आता पॉलिशवाली तीच होती आणि बाईही तीच. न टाइप करता निघून जाणं सोपं होतं. आई, अंजनाबाई, तर दर महिन्याला म्हणायचीच, फुकटचं कायले जातं वं तिथं, त्या दुकानदाराचं आभाळ तुले काय देते? पत्र फाडून टाकणंही सोपं होतं. अकरा आले की दहा आले, कोण मोजतंय. पण फाडलं तर उद्या तिच्या लेखातली एखादी ओळ कुणी फाडील तेव्हा ती काय म्हणणार? आणि निघून गेली तर इंदुताईंसारखंच होणार, माळ्यावर तेवढ्या जागेत दुसरं एखादं थान येऊन पडेल. जायचं नाही, हे तिने ठरवलं असं नाही. ते ठरलेलंच होतं, तिने फक्त पाहून घेतलं. हा वास तिचाही होता. अंगणात बाज टाकून, मासिक छातीवर ठेवून, तिनेही त्या यानात किती रात्री काढल्या होत्या. तिला ते यान बुडवायचं नव्हतं. तिला त्यात घर हवं होतं.

ती येऊन पुन्हा मशीनपुढे बसली आणि उरलेलं पत्र आधी वाचून काढलं. पुढे आणखी थोडी घाण होती, नेहमीचीच, उपकारांची आठवण वगैरे. आणि मग शेवटच्या परिच्छेदात अक्षर एकदम सरळ झालं होतं, जणू लिहिणारा आपलं अक्षर बिघडवायचं विसरला. ‘बाई लिहितात की यानात हातांनी काम करणारा एकही नाही. हे असत्य आहे. भाग एकतीस पाहावा. हवेच्या यंत्राला तेल देणारा नत्थू आहे. भाग बत्तिसात दार अडकून तो मरतो. बाईंच्या सूचीत तो नाही.’ शामलाने तो परिच्छेद दोनदा वाचला. मग उठून कोपऱ्यातल्या ट्रंकेतून जुने अंक काढले आणि एकतिसावा भाग शोधला. होता. नत्थू. चार वाक्यांत येतो, तेलाचा डबा घेऊन, आणि पुढच्या भागात तीन वाक्यांत मरतो. तिला तो आठवलासुद्धा. पहिल्यांदा वाचताना ती त्याच्यासाठी हळहळली होती. मग सूचीतून गेला कुठे? आणि ते कळल्यावर ती ट्रंकेशेजारी जमिनीवरच बसली. सूची आडनाववार होती. लेखकाने नत्थूला आडनाव दिलं नव्हतं. ती कार्डं लावत होती, देशमुख, धर्माधिकारी, नाईक, आणि नत्थूचं कार्ड कुठल्याच गठ्ठ्यात बसेना, म्हणून तिने ते नंतर बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते बाजूलाच राहिलं. लेखकाने त्याला दाराखाली मारला, आणि तिने सूचीतून. आडनावाच्या वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला बाहेर ठेवायला मंडळात दुसरं कुणी नाही, तीच सापडली होती.

हे लागलं. पहिल्या ओळीपेक्षा फार खोल लागलं, कारण हे खरं होतं. आणि हे खरं शोधायला त्या माणसाने तेरा वर्षांचे अंक उलटे चाळले असणार, बोट लावून, ओळ ओळ, जसं त्याच्यावाचून कुणी चाळलं नसतं. नुसता राग असता तर त्याने नत्थू शोधला नसता. त्याचं काय दुखलं हेही तिला दिसत होतं: दिवसभर खाली गिऱ्हाइकांपुढे थानं उलगडून, संध्याकाळी दुकानाचा केर काढून घेऊन तो वर यायचा तो केराला विसरायला, आणि तिने तोच केर नेऊन यानाच्या मधोमध ठेवला होता. समजत होतं. समजलं म्हणून माफ होतं असं थोडंच आहे? तिने खुर्ची पुढे ओढली, अर्धवट राहिलेल्या ओळीवर कागद जुळवला आणि टाइप केलं: हत्याराकडेच जाते. मग पुढचं सगळं, उपकार आणि नत्थू, ‘एक निष्ठावान वाचक’पर्यंत. या वेळी एक शब्दही पुढेमागे केला नाही. एकही चूक झाली नाही.

गोपाळराव वर आले तेव्हा तीन वाजून गेले होते. पासष्टीचे, ठेंगणे, धोतराचा सोगा हातात धरून जिना चढणारे. शनिवारी तीनला ते ताडणीला येत. ताडणी म्हणजे शामलाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि गोपाळरावांनी स्टेन्सिल खिडकीच्या उजेडात धरून अक्षरं जुळतात का बघायचं. बारा वर्षं असंच चाललं होतं. भैयाजींचं पत्र झालं, नळ्यांवर ते हसले, आणखी दोन पत्रं झाली. आज मात्र त्यांचं लक्ष स्टेन्सिलवर नव्हतं, ते नुसतं उजेडात धरून मान हलवत होते. मग शामलाने अकराव्या पत्राचं हस्तलिखित त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, हे तुम्ही वाचा, मी स्टेन्सिल बघते, वाचून वाचून घसा बसला आहे. त्यांनी कागद घेतला. तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली. कापडाचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात ते वाचत गेले. लेखिकाबाईंना यानात झाडू कोण मारतो याची मोठी काळजी पडली आहे. यात नवल नाही. शामला स्टेन्सिलच्या आडून त्यांच्याकडे बघत होती. ते कुठे अडखळत नव्हते. सरकारकृपेने टाइपरायटरपुढे खुर्ची मिळाली, तरी माणसाची नजर अखेर आपल्या घराण्याच्या. आणि इथे त्यांचा उजवा हात सवयीने नाकावरचा चष्मा वर सारायला गेला, आणि नाकावर काही नव्हतं.

चष्मा खाली गल्ल्यावर राहिला होता. चष्म्याशिवाय गोपाळरावांना थानावरचा शिक्का वाचता येत नसे, हे सगळ्या गांधीबागेला ठाऊक होतं. शेजारच्या दुकानदारांना हाक मारून विचारत. आणि इथे ओळ न् ओळ बरोबर आली होती. त्यांचा हात नाकाशी तसाच राहिला. मग खाली आला. खाली कापड मोजायचा गज आपटल्याचा आवाज आला.

“चष्मा खालीच राहिला,” ते म्हणाले.

“हो. आलात तेव्हापासून नव्हता.”

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. म्हातारा एकदम म्हातारा दिसला, आणि शामलाला त्यांची दया आली. ती तिने आपल्याजवळच ठेवली, दिली नाही. ते वाक्य काढून टाक वं, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. शामला म्हणाली, मला काढता येत नाही, गाळायचा हक्क लिहिणाऱ्याचा आहे. मग तिने स्टेन्सिल खाली ठेवलं.

“शेवटचं, नत्थूचं, ते खरं आहे. ती माझी चूक. तेवढंच लिहिलं असतं ना गोपाळराव, तर मी ते पहिल्या पानावर घेतलं असतं.”

“काहून लिहिलं ते मले बी समजत नाही,” गोपाळराव म्हणाले. “तुझा लेख वाचला, आन् वाटलं कोनीतरी माह्या घरात शिरून झाकलेलं उघडून पाहून राहिलं. तेरा वर्षं म्या त्या यानात राहिलो, शामला. तिथं दुकान नव्हतं.”

“मी पण तिथंच राहत होते.”

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. बारा वर्षं त्यांनी तिला यानाच्या टाइपरायटरवर बसवलं होतं, यानात नव्हे. मग त्यांनी तिचा पेन मागितला. ती समजली की आता ओळ कापतील, आणि तिचं मन आधीच तयार झालं, की कापू देत, कापली म्हणजे मान्य केली, झालं. गोपाळरावांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, चाचपडत शेवट शोधला, आणि ‘एक निष्ठावान वाचक’च्या खाली, बिघडवलेल्या नव्हे, आपल्या नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं: गो. ना. खानझोडे, गांधीबाग.

“ओळ राहू दे,” ते म्हणाले. “काढली तर म्या लिहिलीच नाही असं होईन. नाव टाक.”

शामलाने स्टेन्सिल पुन्हा मशीनला लावलं. मेणाच्या कागदावर तीच ओळ पुन्हा जुळवणं फार कटकटीचं असतं, केसभर सरकलं तर अक्षर वाकडं पडतं. तिने वेळ घेतला. तिला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त काहीतरी जड वाटत होतं, दुसऱ्याचं ओझं क्षणभर धरायला घेतल्यासारखं. नाव टाइप झालं. ती उठणार तोच गोपाळराव उठले आणि स्टेन्सिल त्यांनीच नेऊन ड्रमवर चढवलं. बारा वर्षांत यंत्राला त्यांनी हात लावला नव्हता. ते नेहमी गठ्ठ्यावर बसून प्रती बाहेर पडताना बघत. आता त्यांनी सोगा खोचला आणि हँडल फिरवायला लागले. पहिली प्रत फिकी आली, दुसरी बरी, तिसरीवर त्यांचं नाव ठळक उठलं, वरची ओळही. ते थांबले नाहीत. एकामागून एक प्रत ट्रेमध्ये पडत गेली आणि शामला त्या उचलून वाळायला पसरत गेली, थानांवर, खिडकीत, खुर्चीवर, जागा मिळेल तिथे, की बघता बघता सगळा माळा त्या एका पत्राने भरून गेला.

शंभरेक प्रती झाल्यावर त्यांना दम लागला. हँडल धरूनच, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं की पुढच्या अंकात तिचं काही आहे का. नत्थूवर लिहिणार आहे, शामला म्हणाली. आधी माझी चूक, मग लेखकाची, मग आपल्या सगळ्यांची.

“किती पानं धरू?”

जूनमध्ये तिने तीन पानं मागितली होती, तीही कुणाची जागा अडत नसेल तर, असं म्हणून.

“सोळा,” शामला म्हणाली.

गोपाळरावांचा हात क्षणभर थबकला. मग त्यांनी पुढची प्रत काढली.

“कागद वाढवा लागन,” ते म्हणाले.